चार नंबर गार का, गरम का? घरी बांधलेल्या इंजिनात सिलेंडरांचं एक्झॉस्ट टेम्परेचर जुळत नसेल तर

घरी इंजिन बांधून पहिल्यांदा स्टार्ट झालं की आनंद साधारण दहा मिनिटं टिकतो. माझा तेवढाही टिकला नाही, कारण शेजारचे काका बघायला आले होते, आयुष्यभर ट्रॅक्टर रिपेरी केलेला माणूस, त्यांनी काही न बोलता पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवली आणि चारही एक्झॉस्ट पाइपांवर एकेक थेंब शिंपडला. एक, दोन, तीनवर चर्र झालं आणि थेंब गायब. चारवर थेंब निवांत ओघळत खाली गेला. "चार नंबर मिसिंग हाय तुझा," एवढं बोलून काका चहाला आत गेले.

मिसिंग म्हणजे सिलेंडर नीट पेटत नाही. काकांचं बरोबर होतं पण ते अर्धंच. पुढचे तीन आठवडे मी जो काही उलटा धंदा केला तो तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

इंजिन कुठलं ते आधी सांगतो. जिप्सीचं १.३, म्हणजे जी १३ बी ए, १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५, आठ वॉल्व, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवालं. बोअरिंग आणि हेडचं फेसिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून आणलं, बाकी सगळं घरच्या शेडमध्ये. हेडर, म्हणजे चारही एक्झॉस्ट पाइपांचा जुडगा, मी स्वतः वेल्ड केलाय, त्यामुळे दिसायला तो कसा आहे हे विचारू नका. तुमचं इंजिन वेगळं असलं तरी शोधायची पद्धत हीच लागते.

पहिली गोष्ट, आकडा खरा आहे का ते बघा. बरेच जण इन्फ्रारेडची गन विकत घेतात, पाइपवर लाल ठिपका मारतात आणि "एक नंबर ६० डिग्री गार आहे" म्हणून कार्बोरेटर खोलायला घेतात. ती गन पाइपच्या पृष्ठभागाचं टेम्परेचर सांगते, आतल्या गॅसचं नाही. शिवाय चकचकीत स्टीलवर ती भलतंच कमी दाखवते आणि गंजलेल्या काळ्या पाइपवर बऱ्यापैकी खरं, म्हणजे वेल्डिंगच्या जागी निळा-काळा झालेला पाइप आणि शेजारचा चकचकीत पाइप यांची तुलना करून काहीच कळत नाही. गनच वापरायची असेल तर चारही पाइपांवर पोर्टपासून सारख्या अंतरावर हाय टेम्परेचरचा काळा पेंट एकेक पट्टा मारा आणि त्याच पट्ट्यावर मोजा. आणि जिप्सीत इंजिन उभं बसतं, पुढे फॅन, फॅनच्या मागे लगेच एक नंबर. फॅनची हवा त्या पाइपवर सरळ लागते, म्हणून गनवर एक नंबर कायम गार. त्यात इंजिनचा काही दोष नाही.

खरं मोजायचं तर के टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा टेम्परेचरचा प्रोब, प्रत्येक पाइपला एक. हेडर खाली काढून भोक पाडा, इंजिनवर असताना ड्रिल मारू नका, चुरा आत गेला की वॉल्वच्या सीटवर बसतो. चारही भोकं फ्लँजपासून सारख्या अंतरावर, मी साठ मिमी घेतलं, आणि प्रोबचं टोक पाइपच्या मधोमध आलं पाहिजे. हे मोजपट्टीने करा, नजरेने नाही. एक्झॉस्टचा वॉल्व दोन फेऱ्यांतून एकदाच उघडतो, त्यामुळे प्रोबला गरम गॅसचा झटका बसतो, मग तो थोडा निवतो, परत झटका, आणि तो दाखवतो ती त्याची सरासरी. एखाद्याचं टोक भिंतीला चिकटलेलं असलं की तेवढ्यानेच ३०-४० डिग्रीचा फरक पडतो आणि आपण उगाच कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलत बसतो.

वायरचं पण बघा. थर्मोकपलची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडली तर जोडाच्या जागी गडबड होते. जोड इंजिनजवळ ८० डिग्रीला आहे आणि मीटरचा डबा ३५ ला आहे असं धरा, तर रीडिंग सरळ ४५ ने कमी येतं. कमी पडलेली लांबी के टाइपच्याच वायरने वाढवायची. अमेरिकन रंगांच्या वायरमध्ये लाल वायर मायनस असते, प्लस पिवळी, आणि आपला हात सवयीने लाल प्लसला लावतो. रंगावर भरवसा नसेल तर लोहचुंबक घ्या, के टाइपची मायनस तार चुंबकाला चिकटते, प्लस चिकटत नाही. मी थर्मोकपल वाचणारे मॅक्स ६६७५ चे चार बोर्ड आणि आकडे दाखवायला एक आर्डुइनो, म्हणजे छोटा कंट्रोलर, लावलं, स्वस्तात होतं, फक्त प्रोब घेताना टोक बॉडीपासून इन्सुलेटेड असलेले घ्या, नाहीतर इंजिन चालू झालं की इग्निशनच्या नॉइजने आकडे नाचायला लागतात.

लावण्याआधी चारही प्रोब एकाच पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवा. आमच्याकडे कोल्हापूरला पाणी ९८ च्या आसपास उकळतं, मुंबईला १०० दाखवेल, आकडा कितीही येऊ दे, चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. माझा एक प्रोब ११ डिग्री कमी दाखवत होता. तो मी परत केला नाही, कागदावर "प्रोब ३, उणे ११" लिहून ठेवलं आणि चालवला. खरं तर हे बरोबर नाही, शंभर डिग्रीला ११ कमी दाखवणारा सहाशेला किती कमी दाखवेल ते कुणाला माहीत, पण महिन्याअखेर होती.

बसवल्यावर पण एक खात्री करायची. जो सिलेंडर वेगळा दाखवतोय त्याचा प्रोब शेजारच्या पाइपमध्ये घाला आणि शेजारचा इकडे. फरक प्रोबबरोबर गेला तर प्रोब खराब, तिथेच राहिला तर मग इंजिनकडे वळा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता किती फरक चालतो? एका कार्बोरेटरवर चार सिलेंडर असले की ३०-४० डिग्रीचा फरक राहणारच, त्याच्या मागे लागून झोप घालवू नका. माझ्या हिशोबाने ५० च्या वर गेलं की शोधायचं. आणि मोजताना इंजिन पूर्ण गरम, एकाच आरपीएमवर निदान दोन मिनिटं स्थिर, शेडचं शटर पूर्ण वर. शटरचं गंमत म्हणून सांगत नाही, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

इथून पुढे मी चुकलो. माझे आयडलिंगचे आकडे होते एकला ३८५, दोनला ३९०, तीनला ३८०, चारला २९०. मी काय समजलो, गार म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. म्हणून मिक्श्चर कमी केलं. अजून बिघडलं, इंजिन थरथरायला लागलं. दोन हजारावर नेलं तर आकडे उलटे, तिघे साडेपाचशेच्या आसपास आणि चार ६४०. आता तो गरम! मग मी समजलो लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी, जेट मोठा केला, तर आयडलिंगला तिघे काळे पडले. असे दोन आठवडे गेले.

इथे जी गोष्ट डोक्यात बसली पाहिजे ती अशी, की एक्झॉस्टचं टेम्परेचर मिक्श्चरबरोबर सरळ वर किंवा सरळ खाली जात नाही, मध्ये टेकडी आहे. पेट्रोल आणि हवा बरोबर प्रमाणात किंवा किंचित हवा जास्त असली की टेम्परेचर सगळ्यात जास्त, तिथून पेट्रोल वाढवा तरी उतरतं आणि हवा वाढवा तरी उतरतं. म्हणजे गार सिलेंडर रिच असू शकतो आणि लीनही असू शकतो, आणि फारच लीन झाला की पेटतच नाही, मिसिंग मारतो आणि एकदम गार पडतो. नुसत्या एका आकड्यावरून तो टेकडीच्या कुठल्या उतारावर बसलाय ते कळूच शकत नाही. विमानांची पिस्टन इंजिनं चालवणारे लोक हे कधीपासून करतात, मिक्श्चर हळूहळू कमी करत कुठला सिलेंडर आधी शिखराला पोचतो ते बघत बसतात. आपल्याकडे विमान नाही पण चोक आहे.

तर चोक टेस्ट अशी. इंजिन गरम, आयडलिंगला, आकडे लिहून घ्या, मग चोक थोडासा ओढा, अगदी पाव भाग, आणि अर्धा मिनिट थांबा. चोकने चारही सिलेंडरांना पेट्रोल वाढतं. जो गार सिलेंडर आता वर चढला तो लीन होता. जो अजून खाली गेला तो रिच होता. माझा चार नंबर २९० वरून ३८० ला आला आणि बाकीचे तिघे वीस-तीस डिग्रीने उतरले, इंजिन एकदम गुळगुळीत. त्या एका मिनिटात दोन आठवड्यांचं उत्तर मिळालं, चार नंबरला कुठून तरी जास्तीची हवा जात होती. इंजेक्शनवाल्या इंजिनात हेच लॅपटॉपवरून पाच टक्के पेट्रोल वाढवून बघता येतं.

दुसरी टेस्ट लोडची. तीन ठिकाणी आकडे घ्या, आयडलिंग, दोन-अडीच हजारावर बिनलोड, आणि घाटात फुल थ्रॉटल. तिसऱ्यासाठी मी पन्हाळ्याला गेलो, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून, शेजारी मेव्हणा वही घेऊन. चालवताना स्वतः आकडे वाचायचे नाहीत, कृपा करा. घाटात चारही सिलेंडर ७८० ते ८१०, म्हणजे फरक जवळपास नाहीच. हा फार बोलका पुरावा आहे. थ्रॉटल बंद असताना कार्बपासून सिलेंडरांकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो, बारीक भेगेतूनही हवा ओढली जाते आणि एकूण हवा कमी असल्याने तेवढ्यानेही मिक्श्चर बिघडतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम जवळपास संपतो, भेग असून नसल्यासारखी. म्हणून आयडलला फरक मोठा, मध्ये वेगळा आणि फुल लोडला गायब, असं दिसलं की व्हॅक्यूम लीक. याच्या उलट, आयडलला सगळं छान आणि लोडला एक सिलेंडर वेगळा पडत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, स्पार्क लोडला तुटतोय किंवा वॉल्वचा काहीतरी घोळ आहे.

लीक शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर नाहीतर पेट्रोलच फवारतात. गरम हेडरच्या शेजारी मी ते करणार नाही. साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या, ती इस्त्रीची असते तसली, आणि इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, कार्बच्या बुडाला, प्रत्येक व्हॅक्यूमच्या नळीवर बारीक फवारा मारा. पाण्याने क्षणभर भेग बुजते आणि आरपीएम बदलतो, कधी सुर्र असा आवाज पण येतो. फवारा एक्झॉस्टच्या बाजूला जाऊ देऊ नका, या इंजिनात नशिबाने इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला आहे.

माझी भेग कुठे निघाली सांगतो, हसू नका. ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूमचं निपल मीच मॅनिफोल्डला वेल्ड केलं होतं, आणि कुठे, तर चार नंबरच्या रनरवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या त्या एकट्या सिलेंडरकडे जाणाऱ्या फाट्यावर, कारण नळी तिथून जवळ पडत होती. नळी जुनीच वापरली. क्लॅम्पच्या खाली रबर चिरलेलं, वरून बघितलं तर धडधाकट. म्हणजे गळणारी सगळी हवा एकट्या चार नंबरच्या पोटात. हेच निपल चारही रनर जिथे एकत्र येतात तिथे, कार्बच्या खाली असतं, तर गळती चौघांत वाटली गेली असती आणि कदाचित मला कळलंही नसतं. तुमच्याकडे पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकला नेणारी) किंवा बूस्टरची नळी एखाद्याच रनरला जोडलेली असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा.

त्यात आता पंपावर ई२० येतंय. वीस टक्के इथेनॉल असलं की एक भाग पेट्रोलला लागणाऱ्या हवेचं बरोबर प्रमाण वजनाने १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं, आणि जुन्या कार्बला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो जुन्याच जेटने पेट्रोल सोडतो. म्हणजे चौघेही आधीच सातआठ टक्के लीन, आणि त्यात ज्याला थोडी जास्त हवा जाते तो सगळ्यात आधी मिसिंगला लागतो. जुनं रबर पण इथेनॉलने लवकर खराब होतं. म्हणून नळ्या नव्याच घ्या, चारशे-पाचशे रुपयांसाठी माझ्यासारखं करू नका.

लीक नाही निघाली तर कुठले सिलेंडर वेगळे आहेत त्याचा पॅटर्न बघा. बाहेरचे दोन, एक आणि चार, एकीकडे आणि मधले दोन दुसरीकडे असं असेल तर मिक्श्चर नीट वाटलं जात नाहीये. अर्धवट उघडलेली थ्रॉटलची पाकळी हवेला एका बाजूला ढकलते, म्हणून हा पॅटर्न थ्रॉटलबरोबर बदलतो. या इंजिनाचं इनटेक मॅनिफोल्ड रेडिएटरच्या गरम पाण्याने तापवलेलं असतं, ते मुद्दाम आहे, गार भिंतीवर पेट्रोल थेंब होऊन बसतं आणि उतार असेल त्या सिलेंडरकडे ओघळतं. काही हौशी लोक "थंड हवा, जास्त पॉवर" म्हणून त्या नळ्या बंद करतात आणि मग असे आकडे घेऊन फिरतात. ज्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटर नाही, दोन कॉइल आहेत, त्यांना एक-चार जोडीने आणि दोन-तीन जोडीने वेगळे दिसले तर कॉइल बघा, कारण एक कॉइल एका जोडीला स्पार्क देते. दोन आणि तीन शेजारी शेजारी असून दोघेच मेलेले असतील तर मधलं हेड पॅकिंग गेलंय, कॉम्प्रेशन गेज लावा, दोघांचं सारखंच पडलेलं दिसेल.

एकटाच सिलेंडर असेल तर आधी स्वस्त गोष्टी. प्लग शेजाऱ्याशी बदला, मोजा. मग वायर बदला, मोजा. एका वेळी एकच, दोन्ही एकदम बदललं तर कशाने गेलं ते कळणार नाही आणि महिन्याने परत येईल.

डिस्ट्रिब्युटरवाल्यांसाठी एक टेस्ट आहे जी फारसं कोणी करत नाही. टायमिंग लाइट आधी एक नंबरच्या वायरला लावा, पुलीवरची खूण बघा, मग चार नंबरच्या वायरला लावा. हे दोघे क्रँकच्या बरोबर एका फेरीच्या अंतराने पेटतात, त्यामुळे खूण तिथेच दिसली पाहिजे. तीन-चार डिग्रीने सरकलेली दिसली तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश गेलंय, शाफ्ट हलतोय आणि प्रत्येक सिलेंडरचं टायमिंग वेगळं. ज्याचं टायमिंग मागे तो एक्झॉस्टला गरम, कारण जाळ उशिरा लागतो आणि जळत जळतच बाहेर पडतो. ज्याचं पुढे तो गार.

आणि हा गार प्रकार धोक्याचा आहे. इंजिन लोडला खडखडत असेल, म्हणजे नॉकिंग होत असेल, तर उष्णता पिस्टनच्या डोक्यात आणि हेडमध्ये जाते आणि एक्झॉस्टचं टेम्परेचर उलट उतरतं. घाटात एखादा आकडा अचानक खाली यायला लागला तर खूश होऊ नका, लगेच पाय काढा.

स्पार्क बरोबर निघाला की कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांच्या वर फरक नको. कमी असलेल्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर वॉल्व नाहीतर पॅकिंग. कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून सोडली, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर ठेवून, तर कान लावूनच कळतं, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व, कार्बमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग. गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा, नाहीतर हवेने क्रँक फिरतो. टॅपेट जास्त टाइट राहिलं असेल, म्हणजे वॉल्व ढकलणाऱ्या भागाचा गॅप कमी असेल, तर एक्झॉस्ट वॉल्व पूर्ण बसत नाही, गरम गॅस आधीच निसटतो आणि तो सिलेंडर गरम दाखवतो. घरी बांधलेल्या इंजिनात पहिल्या काही तासांत सीट बसतात आणि गॅप कमी होतो, म्हणून टॅपेट एकदा सेट केलं म्हणजे झालं असं नाही.

शेवटची शक्यता घरच्या बांधणीचीच. सीट कटिंगला मिस्त्रीने एका चेंबरमध्ये जास्त मटेरियल काढलं की त्याचा व्हॉल्यूम वाढतो. या इंजिनात एका सिलेंडरची सीसी ३२४.५. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर वरची एकूण जागा साधारण ४०.६ सीसी. ती दोन सीसीने वाढली की रेशो ८.६, दोनने कमी झाली की ९.४. हे हेड बंद करायच्या आधीच मोजायचं असतं, चेंबरवर ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ठेवा आणि सिरिंजने रॉकेल नाहीतर पातळ ऑइल भरा, किती एमएल गेलं ते लिहा. मी मोजलं नव्हतं. त्यामुळे दोन नंबर अजूनही घाटात बाकीच्यांपेक्षा २५ डिग्री वेगळा का, ते हेड परत उतरेल तेव्हाच बघायचं.

नळी बदलली, निपल कार्बच्या बुडाशी हलवलं, जुनं भोक बुजवलं, जेट मूळचा परत टाकला. आयडलला आता चौघेही ३७० ते ३९५. काका परवा परत आले, तांब्या घेऊनच. चारही पाइपांवर चर्र झालं, म्हणाले, "आता टॅपेट वाजतंय."